निकॉन झेड एफ : दिसण्यापलीकडचे काही

निकॉनने २० सप्टेंबर २०२३ रोजी झेड एफ हा कॅमेरा जाहीर केला आणि त्यानंतर त्याची जी पहिली परीक्षणे प्रसिद्ध झाली, त्यांपैकी बहुतेकांनी त्याच्या दिसण्यावर बरीच जागा खर्च केली. कोणी त्याला देखणा म्हटले, कोणी जुन्या आठवणींचा व्यापार म्हटले. मात्र पकड नाही, दुसरे कार्ड मायक्रोएसडीचे आहे आणि लेन्सवर अ‍ॅपर्चरची (म्हणजे उजेड आत सोडणारे छिद्र लहानमोठे करण्याची) कडी नाही, या तीन तक्रारी दोन्ही बाजूंच्या लिखाणात पुनःपुन्हा आल्या. तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. परंतु पुण्यात, म्हणजे मंडईच्या अर्धवट उजेडात, पालखीच्या गर्दीत आणि विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर हा कॅमेरा वापरल्यावर मला त्या तिघींचे वजन सारखे वाटत नाही. त्यांपैकी एक गंभीर आहे, एक बहुतेकांच्या बाबतीत किरकोळ आहे आणि तिसरीचा उपाय पुण्यातल्या अनेक घरांच्या कपाटांत आधीपासून पडून आहे.

दिसण्याबद्दल लिहायचे ते थोडक्यात लिहितो. झेड एफचा घाट निकॉनच्या एफएम२ या १९८२ सालच्या फिल्म कॅमेऱ्यावरून घेतलेला आहे. एफएम२ पूर्णपणे यांत्रिक होता. त्यातली बॅटरी फक्त उजेड मोजण्यासाठी असे आणि ती संपली तरी शटर सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंतच्या सर्व वेगांवर चालत राहत असे. त्या परंपरेवर हक्क सांगण्याचा निकॉनचा हा पहिला प्रयत्न नाही. २०१३ मधला डीएफ हा आरसा असलेला डीएसएलआर होता आणि त्यात व्हिडिओची सोयच नव्हती, तर २०२१ मधला झेड एफसी हा लहान सेन्सरचा आणि हलक्या बांधणीचा होता. झेड एफमध्ये मॅग्नेशियम मिश्रधातूची बॉडी, वरच्या बाजूस पितळेच्या चकत्या आणि आत फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर, असा सगळा ऐवज एकत्र आला. एफएम२ची बॉडी ५४० ग्रॅमची होती. झेड एफ बॅटरी आणि कार्डासह ७१० ग्रॅम भरतो. आरसा गेला, फिल्म गेली, तरीही वजन वाढले, हे गळ्यात पट्टा अडकवून शनिवारवाड्यापासून मंडईपर्यंत चालताना मानेला चांगलेच कळते.

आता चकत्यांविषयी, कारण या कॅमेऱ्याचा सगळा डौल त्यांवर उभा आहे. डावीकडे आयएसओची, म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेची चकती आणि तिच्या खाली कोणता आकडा आपण ठरवायचा व कोणता कॅमेऱ्याने, याचे ऑटो, पी, एस, ए, एम हे पर्याय निवडण्याचा दांडा. उजवीकडे शटरच्या वेगाची चकती आणि तिच्या खाली व्हिडिओ, फोटो व कृष्णधवल यांतील निवडीचा दांडा. अगदी कडेला एक्स्पोजर कमीजास्त करण्याची चकती. आणि या सर्वांच्या मध्ये नखाएवढी एक खिडकी, जिच्यात फक्त अ‍ॅपर्चरचा आकडा दिसतो. चकत्या जड फिरतात आणि प्रत्येक आकड्यावर ठाशीवपणे बसतात. कॅमेरा बंद असतानाही तो कोणत्या आयएसओवर आणि कोणत्या वेगावर लावलेला आहे हे वरून पाहून समजते, आणि उन्हातून एकदम वाड्याच्या बोळात शिरण्यापूर्वी व्ह्यूफाइंडरला डोळा न लावता तयारी करता येते, हा या मांडणीचा खरा उपयोग आहे.

मात्र हे आकडे दर वेळी खरे बोलत नाहीत. कॅमेरा ‘ए’वर, म्हणजे अ‍ॅपर्चर आपण ठरवणार आणि वेग कॅमेरा ठरवणार अशा पद्धतीवर असेल, तर शटरच्या चकतीवर २५० दिसत असते आणि प्रत्यक्षात कॅमेरा सेकंदाच्या साठाव्या भागावर छायाचित्र घेत असतो. आयएसओ आपोआप बदलावे असे वाटत असेल तर ती चकती ‘सी’ या खुणेवर ठेवावी लागते, म्हणजे तिचे काम पुन्हा मेनूकडे जाते. वेग एकतृतीयांश पायरीने बदलायचे असतील तर शटरच्या चकतीचेही तेच होते. फुजीफिल्मच्या अशा धाटणीच्या कॅमेऱ्यांत चकतीवर आणि लेन्सच्या कडीवरच ‘ए’ अशी खूण असते, त्यामुळे वेगळ्या दांड्याची गरजच उरत नाही आणि चकती जे दाखवते तेच कॅमेरा करतो. निकॉनने जुनी मांडणी आणि आधुनिक मांडणी या दोन्ही एकाच छपराखाली ठेवल्या. सवय होईपर्यंत त्या एकमेकींच्या पायांत पाय घालतात.

या गोंधळाचे मूळ अ‍ॅपर्चरच्या न दिलेल्या कडीत आहे. झेड एफसोबत विकली जाणारी ४० मिलिमीटर एफ २ ही एसई लेन्स वरून निकॉनच्याच जुन्या निक्कोर लेन्ससारखी सजवलेली आहे. तिच्यावर खाचांची कडीही आहे, पण त्या कडीवर एकही आकडा नाही. तिला अ‍ॅपर्चरचे काम सोपवता येते, परंतु ती अडत नाही, टकटक करत नाही आणि कुठे थांबलो हे बोटाला सांगत नाही. लेन्स वजनाला अवघी १७० ग्रॅम आहे आणि तिची प्रतिमा किमतीच्या मानाने फार चांगली आहे. तिचा माउंट, म्हणजे बॉडीला जोडणारा भाग, प्लास्टिकचा आहे, हे पावसात बाहेर पडणाऱ्याने लक्षात ठेवावे. वेग आणि आयएसओ यांना पितळेची चकती आणि अ‍ॅपर्चरला मुकी कडी, असा हा अपुरा संसार आहे.

तो पुरा होतो जुन्या लेन्सने. सदाशिव पेठेपासून कोथरूडपर्यंत कितीतरी घरांत वडिलांच्या किंवा काकांच्या काळातली ५० मिलिमीटरची एखादी निक्कोर लेन्स चामडी पाकिटात पडून असते. फिल्म बंद झाली, कॅमेरा मोडीत गेला, पण ‘लेन्स चांगली आहे’ म्हणून ती कोणी टाकलेली नसते. एफटीझेड २ हा जोड लावून अशी एआय किंवा एआय-एस जातीची, हाताने फोकस करायची लेन्स झेड एफवर बसवली की प्रथमच कॅमेऱ्याचे तिन्ही आकडे उघड्या डोळ्यांना दिसू लागतात: अ‍ॅपर्चर लेन्सच्या कडीवर, वेग आणि आयएसओ चकत्यांवर. कडी प्रत्येक थांब्यावर टक् करून बसते. फोकसची कडी तेलावर फिरल्यासारखी मऊ फिरते आणि अंतराचे आकडे मीटर व फूट अशा दोन्ही मापांत कोरलेले असतात. पूर्वीच्या परीक्षकांनी या कॅमेऱ्याला सोंग म्हटले, ते नव्या लेन्सच्या बाबतीत काही अंशी मान्य करावे लागेल. या लेन्ससह मात्र ते सोंग राहत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हाताने फोकस करणे फिल्मच्या काळात सोपे होते, कारण व्ह्यूफाइंडरच्या मध्यभागी दुभंगलेली प्रतिमा जुळवण्याची काच असे. डीएसएलआरच्या काळात ती काच गेली आणि जुन्या लेन्स वापरणे अंदाजाचे काम होऊन बसले. झेड एफ हाताने फोकस करायच्या लेन्सवरही समोरच्या चेहऱ्याचा शोध घेतो, त्याभोवती चौकट दाखवतो आणि मोठे करून पाहण्याचे बटण दाबले की चौकटीचा मध्य न दाखवता थेट त्या चेहऱ्यापाशी, डोळ्यापाशी नेतो. मग कडी हलकेच फिरवून पापण्या कोरीव होईपर्यंत आणायच्या आणि शटर दाबायचे. मंडईत आल्या-लसणाच्या गाळ्यावर बसलेल्या मावशींचे छायाचित्र मी असेच घेतले. एफ २ इतक्या उघड्या अ‍ॅपर्चरवर डोळा कोरीव आणि कानातली बुगडी विरघळलेली, असा तो फोटो आहे. लेन्सची फोकल लांबी, म्हणजे तिच्यावरचा मिलिमीटरचा आकडा, मेनूत नोंदवली तर हाताची थरथर सावरणारी यंत्रणाही तिच्यासाठी काम करते. अ‍ॅपर्चरचा खरा आकडा मात्र अशा फोटोच्या माहितीत नोंदला जात नाही, तो ज्याचा त्याने लक्षात ठेवायचा.

त्या मावशींनी शटरचा आवाज ऐकून विचारले, “रोलचा आहे का हो हा? अजून मिळतात होय रोल?” हा प्रश्न पुण्यात पुष्कळदा विचारला जातो, आणि पेठेतल्या एका आजोबांनी तर, “आमच्याकडे होता असा. तुम्हाला कितीला घातला?” अशी थेट चौकशी केली. पडदा उलटा वळवून मिटला की मागची बाजूही जुन्या कॅमेऱ्यासारखी कोरी दिसते, त्यामुळे गैरसमज पक्का होतो. मोठी काळी बॉडी आणि लांब झूम पाहून माणसे सावरून बसतात किंवा “कुठल्या पेपरचे?” असे विचारतात, या कॅमेऱ्यासमोर ती गप्पा मारतात. दिसण्याचा हा व्यावहारिक फायदा आहे आणि तो परीक्षणांतल्या तक्त्यांत येण्यासारखा नाही.

आतला कॅमेरा अर्थातच आजचा आहे. सेन्सर २४.५ मेगापिक्सेलचा असून तो निकॉनच्या आधीच्या झेड ६ २ च्याच वर्गातला आहे, परंतु त्यामागे झेड ८ आणि झेड ९ या महागड्या कॅमेऱ्यांतला एक्सपीड ७ प्रोसेसर बसवला आहे. फरक फोकसमध्ये पडतो. पालखीच्या वेळी वारकऱ्यांच्या रांगेतून एक चेहरा निवडून अर्धे बटण दाबले, की मध्ये टाळ येवोत, पताका येवोत किंवा कोणाची छत्री येवो, कॅमेरा पुन्हा त्याच चेहऱ्यावर परत येतो. अंधारात उणे १० ईव्हीपर्यंत (ईव्ही हे उजेडाचे माप) फोकस होतो असा कंपनीचा दावा आहे. तो बराच जास्त उजेड आत घेणारी एफ १.२ लेन्स गृहीत धरून केलेला आहे, हे विसरता कामा नये. तरीही ४० मिलिमीटर एफ २ लेन्सवर समईच्या उजेडात बसलेल्या माणसाच्या डोळ्यावर फोकस अडखळत का होईना, बसतो.

थरथर सावरण्याच्या यंत्रणेने मला अधिक प्रभावित केले. कंपनीच्या मोजणीनुसार ती ८ स्टॉपपर्यंत काम करते (एक स्टॉप म्हणजे शटरचा वेग निम्म्यावर आणण्याची मुभा). शिवाय एरवी ही यंत्रणा चौकटीचा मध्य स्थिर ठेवण्याचा प्रयत्न करते, तर झेड एफमध्ये ती फोकसचा बिंदू जिथे असेल तो भाग स्थिर ठेवते. ढोलपथकाचे छायाचित्र घेताना याचा अर्थ उलगडतो. सेकंदाच्या आठव्या भागावर, हातात धरून, चौकटीच्या कडेला उभ्या असलेल्या ध्वजधाऱ्यावर फोकस ठेवला असता त्याचा चेहरा आणि फेट्याची घडी स्वच्छ येते आणि मधल्या ढोलांवरची टिपरू पंख्यासारखी पसरून दिसतात. इतक्या मंद वेगावर तिपाईशिवाय हे पूर्वी जमत नसे, आणि लक्ष्मी रस्त्यावर त्या रात्री तिपाई उभी करायला जागा मिळणे ही कल्पनाच करायची गोष्ट आहे.

त्याच मिरवणुकीत या कॅमेऱ्याची एक खरी मर्यादाही दिसते. त्याचा सेन्सर झेड ८ सारखा स्टॅक्ड, म्हणजे थरांनी रचलेला आणि जलद वाचणारा, नाही, त्यामुळे तो सगळी चौकट ओळीओळीने, तुलनेने सावकाश वाचतो. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरले तर रथांवरच्या एलईडी दिव्यांमुळे फोटोत आडवे काळे पट्टे उमटतात आणि जोरात फिरणाऱ्या वस्तू वाकड्या होतात. मिरवणुकीत यांत्रिक शटर वापरावे, ढोलांपुढे त्याचा आवाज कोणाला ऐकू येणार आहे! प्रश्न येतो तो गाण्याच्या मैफलीत, जिथे शांतताही हवी असते आणि मंचावर एलईडीही असतात. तिथे वेग दिव्यांच्या लुकलुकण्याशी जुळवून घेण्याखेरीज इलाज नाही.

कृष्णधवलचा दांडा हा काहींना चाळा वाटला. मला तो या कॅमेऱ्यातला सर्वांत विचारपूर्वक ठेवलेला भाग वाटतो. दांडा सरकवताच व्ह्यूफाइंडरमधले दृश्य रंगहीन होते आणि आपण रंगांऐवजी उजेड पाहू लागतो. मंडईच्या जुन्या इमारतीत उजेड उंचावरून येतो, खाली भाज्यांच्या रंगांचा इतका कल्लोळ असतो की नजर माणसांवर ठरतच नाही. रंग काढून घेतला की गाळ्यावरचा हात, तागडी आणि वरून येणारी तिरीप एवढेच उरते. साध्या मोनोक्रोमबरोबर फ्लॅट आणि डीप टोन असे आणखी दोन पर्याय दिले आहेत; पहिला मवाळ आणि सावल्यांतला तपशील राखणारा, दुसरा गडद. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये रंगांची माहिती शाबूत राहते, त्यामुळे घरी आल्यावर विचार बदलण्याची मुभा असते. गुलालाच्या दिवशी मात्र हा दांडा जागचा हलवू नये.

आता पकड. समोरचा भाग जवळजवळ सपाट आहे, मागे अंगठ्यासाठी लहानसा उंचवटा आहे, आणि एवढ्यावर ७१० ग्रॅमची बॉडी उजव्या हाताने धरायची आहे. लहान लेन्स असेल तर डावा हात खालून आधार देतो आणि काही अडत नाही. त्यावर २४-१२० एफ ४ सारखी ६३० ग्रॅमची झूम लावली की सगळा तोल पुढे जातो, बोटे वळतात आणि घामेजलेल्या हातातून कॅमेरा निसटेल की काय अशी धास्ती सतत राहते. स्वतंत्रपणे मिळणारी धातूची पकड खाली बसवता येते. ती उपयोगी आहे, पण तिने वजन आणखी वाढते आणि ज्या घाटासाठी हा कॅमेरा घेतला तो घाटच झाकला जातो. लग्नसमारंभाचे पूर्ण दिवसाचे काम ज्यांना करायचे आहे त्यांच्यासाठी ही तक्रार निर्णायक ठरावी. फोकसचा बिंदू हलवण्यासाठी लहान दांडीही दिलेली नाही, त्यासाठी चार बाजूंची चकतीच दाबावी लागते.

कार्डांबद्दल एवढा त्रागा करण्याचे कारण नाही. मुख्य खाच वेगवान यूएचएस २ एसडी कार्डाची आहे. मायक्रोएसडीची दुसरी खाच मंद आहे आणि बोटांच्या चिमटीत ते कार्ड धरणे त्रासाचे आहे हे खरे, पण ते एकदा आत घालून प्रतींसाठी तसेच राहू दिले तर रोजच्या वापरात त्याची आठवणही होत नाही. मला खटकते ते वेगळेच: दोन्ही खाचा खाली, बॅटरीच्या कप्प्यात आहेत, त्यामुळे तिपाईची पट्टी लावलेली असेल तर कार्ड बदलण्यासाठी आधी ती सोडवावी लागते. बॅटरी ईएन-ईएल १५ सी या परिचित जातीची आहे आणि टाइप-सी वायरने कॅमेऱ्यातच भरता येते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरायचे असेल तर दुसरी जवळ ठेवावी. बाजूला उघडणारा पडदा गर्दीत शेजाऱ्याच्या खांद्याला लागतो, वरखाली कलणारा असता तर कमरेशी धरून फोटो घेणे अधिक सोपे झाले असते.

व्हिडिओविषयी इतकेच की ६के मधून घटवलेले ४के, ३० फ्रेमपर्यंत, उत्तम दिसते. ६० फ्रेमला चौकट दीडपट आवळली जाते. आणि एचडीएमआयची जागा नाजूक मायक्रो आकाराची आहे. अनेक चित्रे सेन्सर किंचित सरकवत घेऊन ९६ मेगापिक्सेलपर्यंतचे एक चित्र जुळवण्याची सोयही आहे. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी लाकडी कोरीवकामासारख्या न हलणाऱ्या विषयाला ती शोभते. मात्र कॅमेरा तिपाईवर हवा, वारा नको आणि जुळवणी संगणकावर निकॉनच्या एनएक्स स्टुडिओमध्ये करायची.

बाजारात आला तेव्हा नुसत्या बॉडीची किंमत पावणेदोन लाख रुपयांच्या थोडी वर होती. ज्याच्याकडे घरात काहीच नाही, ज्याला चकत्यांवरचे आकडे आणि लेन्सवरचे आकडे दोन्ही हवेत आणि ज्याला फुल फ्रेमचा आग्रह नाही, त्याने फुजीफिल्मचा एक्स-टी५ आधी हातात घेऊन पाहावा. तो ४० मेगापिक्सेलचा आहे, ५५७ ग्रॅमचा आहे आणि त्याच्या अनेक लेन्सवर खरी कडी असते. लांब झूम, पक्षी किंवा खेळ हेच काम असेल तर निकॉनमध्येच खोल पकडीची दुसरी बॉडी घ्यावी. परंतु ज्याच्या कपाटात निक्कोर आहे, किंवा जो एका लहान लेन्सवर समाधानाने हिंडू शकतो, त्याच्यासाठी झेड एफला आज तरी मला पर्याय दिसत नाही.

अशा वाचकाने दुकानात जाताना आपली लेन्स सोबत न्यावी आणि त्याआधी ती उजेडासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का ते पाहावे, कारण पुण्याच्या पावसाळ्यात बंद पाकिटांमध्ये ती हमखास धरते. लेन्स १९७७ नंतरची एआय किंवा एआय-एस असेल तर वर सांगितलेले सगळे मिळेल. नव्वदीच्या दशकातल्या एएफ आणि एएफ-डी लेन्स मात्र वेगळ्या वागतात: त्यांचा फोकस फिरवणारी मोटर जुन्या बॉडीत असे आणि एफटीझेड २ जोडात ती नाही, त्यामुळे फोकस हातानेच करावा लागतो; शिवाय त्यांची कडी सर्वांत लहान अ‍ॅपर्चरवर कुलूपबंद ठेवावी लागते आणि अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याच्या चाकावरूनच बदलते.